छ म्हणजे चंद्र

परिपत्रक आलं तेव्हा मी एका बैलाच्या करारात होते.
कोठी कचेरीची मागची खोली, मोडी, एकच पान,
कडेला कसर लागलेली.
बैल तांबडा, डाव्या शिंगाला चीर,
रुपये साडेअकरा.
तारीख मात्र दीड ओळ:
छ २५ जिल्काद, सुरू सन खमस सबैन मया व अलफ.

लिहिणारा कुणी म्हाळोजी कारकून.
पाच, सत्तर, शंभर, हजार, सगळं अरबीत मोजलेलं,
वर्ष पालटायचं मृगाला,
आणि कागदाच्या माथ्यावर श्री.
हे नक्की कुणाचं, असं
त्याला कुणी विचारलं नसावं.

परमार साहेबांनी उभ्यानंच वाचून दाखवलं.
इ.स. बंद. आजपासून सा.यु.
सामान्य युग.
चार हजार लेबलं.
साहेब, सामान्य म्हणजे?
म्हणजे सगळ्यांचं.
मला आमच्या दांडिया बाजारातलं सामान्य आठवलं.
नाशिकच्या स्थळानं कळवलं होतं, मुलगी सामान्य आहे,
पोस्टकार्डावर,
मिती फाल्गुन वद्य ६, शके १९२१.

पुष्पाबेन मॅकवान पट्ट्या कापत होत्या.
रविवारी चर्चच्या गायनात त्या पुढच्या ओळीत असतात.
मी म्हटलं, पुष्पाबेन, तुमच्या ईसूला काढताहेत.
कुठून?
इसवीतून.
कात्री थांबली.
मग हसल्या, खोकला येईपर्यंत.
मने तो एम के सरकारनुं हशे!
वीस वर्षं त्या इ च्या पाठीला डिंक लावला त्यांनी
आणि एकदाही हात जोडले नाहीत.

आकडा तोच राहणार होता,
एवढं परिपत्रकात नव्हतं.
पाळणा जागच्या जागी,
दारावरची पाटी तेवढी उतरवायची.

साडेपाचला बैलाचं लेबल घेतलं.
जिल्काद त्या साली जानेवारीत पडतो,
म्हणून सहाशे मिळवले. १७७५.
पुढे दोन अक्षरं लिहिली, सांगितली तीच.
मग लेबलाच्या मागे, पेन्सिलीनं,
यादीत कधी येणार नाही असं,
छ २५.

पंचविसावा म्हणजे नुसती कोर,
पहाटे उशिरा उगवणारी.
बैल सोडून न्यायला माणूस आला असेल, थंडी असेल,
तेवढ्या उजेडात
शिंगाची चीर त्याला दिसली,
की पुढे घरी गेल्यावर?