शेपटीकडचं

शिवोलीच्या तारीवर पियेदाद
बर्फाशिवाय विकते, फार तर पाच वाजेपर्यंत.
कल्ला उचलून दाखवते आधी, भाव मागून.
आज टोपलीत मुड्डोशी, थोडे लेपे,
आणि तोंडात भलतेच मासे:

हॅडॉक. व्हायटिंग. टर्बट. प्लेस.

मुलगा स्कॉटलंडात मासे कापायला लागलाय.
रविवारी फोनवर नावं सांगतो,
सोमवारी ही ती माझ्यापुढे टाकते,
जिभेवर खवलं अडकल्यासारखी, थुंकत थुंकत.

'प्लेस म्हणजे आपला लेपोच रे भाई,
अंगावर नारिंगी ठिपके, देवी आल्यासारखे.
आणि हॅलिबट दाराएवढा.
कुठल्या दाराएवढा, ते नाही सांगितलं त्यानं.'

कॉडपाशी मात्र ती थांबली.
लहानपणी भाटकाराच्या घरी नाताळाला
फळीसारखं काहीतरी यायचं, वाळलेलं, खारट.
हिची आई दोन रात्री पाणी बदलत भिजवायची.
बाकल्याव.
ही त्याला लाकडाचीच जात समजायची.
आत्ता, साठ वर्षांनी कळलं
की तोच हा कॉड,
आणि तो पोहायचा.

फोटो दाखवते. मोबाइलच्या काचेवर खवलं.
बर्फात ओळीनं मॅकरेल.
'बांगडोच हो. पाठ बघ,
थंडीनं शहारे आलेत.'
मला नुसत्या काळ्या रेघा दिसतात, वाकड्यातिकड्या.
मी टपालखात्यातला, मला पत्ते वाचता येतात.

'डोकी तिथे निळ्या पिंपात टाकतात म्हणे.
मग हुमण कशाचं करतात?'
करत नसतील, मी म्हटलं.
ती बराच वेळ लेप्याची कातडी ओढत राहिली.

'सेब म्हणतात त्याला तिथं.
सेबास्तियांव. एवढं लांब नाव,
पाद्रीनं डोक्यावर पाणी घालून ठेवलेलं,
आणि नुसतं सेब.
शेपटीकडचं काय केलं त्यांनी?'

तेवढ्यात होडी लागली, गलका झाला.
कुणी चणकाचा भाव विचारला,
पाचशे, ती ओरडली, वर न बघताच.

घरी पुडी सोडली.
मागितले होते चार लेपे.
खाली चणकाचं एक डोकं, न मागितलेलं,
तोंड उघडं.

बायकोनं विचारलं, हे कुणाचं?