एकूण आठ

त्या गुरुवारी छावणीतल्या आमच्या गॅरेजमध्ये
दोन गाड्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या.
एक फियाट, एकसष्ट सालची,
रंग ताकात कढीलिंब वाटल्यासारखा.
दुसरी पिवळी. तिचं इटालियन नाव
माझ्या जिभेला अजून वळत नाही.

पिवळी इतकी बुटकी
की गतिरोधक आला की चोरडियांचा नमन खाली उतरतो,
दोन फळ्या काढतो, चाकांपुढे मांडतो,
बसतो, चढवतो, पुन्हा उतरतो, फळ्या गोळा करतो.
पलासियापासून इथवर अकरा वेळा.
तीनशेनं पळणारी गाडी
चालतच आली म्हणा ना.

फियाट कशावरूनही जाते, कुरकुरत, पदर खोचून.
तिचं बॉनेट उघडलं की सगळं समोर:
कार्बोरेटर, कॉइल, बाबांनी तारेनं आवळलेला पाइप.
पिवळीचं इंजिन पाठीमागे, काचेखाली,
संग्रहालयात मांडल्यासारखं.
हात लावायचा तर आधी लॅपटॉपची परवानगी.

हे सगळं मी रेशीमवाले बाईंना रंगवून सांगत होतो.
शेवटी ठेवणीतलं वाक्यही टाकलं:
"लोखंड काय होतं हो त्या काळी!"
वाटलं, हसतील.

बाई पिवळीपाशी गेल्या.
वाकवत नव्हतं, तरी वाकल्या.
स्टिअरिंगच्या मधोमध बोट ठेवून म्हणाल्या,
"फुगा यातनं येतो ना?"
"हाँ आंटीजी. टोटल आठ."
"कुठे कुठे?"
तो दाखवत गेला. दारात, छतात, गुडघ्यांपाशी.
बाई प्रत्येक जागी तळवा टेकवत गेल्या,
भाड्याच्या घराच्या भिंती बघाव्यात तशा.

मला आठवलं ते तेव्हा.
त्र्याहत्तर साल. मानपूरचा घाट. सरकीचा ट्रक.
फियाटच्या काचेला नुसता तडा,
आणि स्टिअरिंगचा दांडा
जागचा हललासुद्धा नव्हता.
डॉक्टर एकतीस वर्षांचे होते.
बाबांनी दोन महिन्यांत गाडी उभी केली,
पैसे घेतले नाहीत.
लोखंडाबद्दल मात्र बोलायचे. तिथूनच उचललं मी.

"बसू का जरा?" बाईंनी विचारलं.
नमननं दार वर उचललं, पट्टा लावून दिला.
"एक राउंड, आंटीजी? सुपर कॉरिडॉर तक?"
"नको. अशीच राहू दे."
त्या बसल्या. इंजिन बंद.
हात मांडीवर, नजर समोरच्या टायरांच्या ढिगाकडे.
बाजूच्या रिकाम्या सीटचा पट्टाही
त्यांनी ओढून पाहिला, झटका दिला.
अडकला. सोडला. पुन्हा झटका.

उतरताना आम्हा दोघांना हात द्यावा लागला.
मग फियाटचा चोक ओढून,
दुसऱ्या खेपेला चालू करून
त्या निघाल्या. सलग सीट, पट्टा नाही, तीसचा वेग.
कोपऱ्यावरच्या गतिरोधकाआधी ब्रेक दाबला.
मागचा एकच लाल दिवा लागला.

दुसरा बसवायचा राहूनच गेला होता.
मी नमनच्या फळ्या उचलल्या
आणि किती वेळ हातातच धरून होतो.