सोमवारची यादी

सोमवारी लक्ष्मीपुरी बंद असते.
अर्धं शटर वर करून, वाकून,
आम्ही चौघं शिरतो दिलावरच्या दुकानात.
आता तिथं झेरॉक्स आणि लॅमिनेशन होतं,
पाटीवर मात्र अजून, पुसट, 'व्हिडिओ लायब्ररी'.

विषय एकच, तीन वर्षं झाली:
कुठल्या पिच्चरची पेटी निघायला पाहिजे.
पेटी म्हणजे डिलक्स. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची,
आत दोन-तीन डिस्क, फ्रेम न फ्रेम धुऊन लख्ख केलेली,
कापून टाकलेले तुकडे, जुन्या पोस्टरची घडी,
आणि कुणा अभ्यासकाचं छोटं पुस्तक,
जे आमच्यात फक्त प्रमिलाताई शेवटपर्यंत वाचतील.
कोण काढणार, कुणाच्या पैशानं, हे विचारायचं नाही.
नियमच आहे तो. लॅमिनेट करून भिंतीवर लावलाय.

दिलावरचं मत 'उसाच्या फडातला इन्स्पेक्टर'.
"दोनशे येळा भाड्यानं गेली ती कॅसेट, भावा.
मध्यंतरानंतर नुसत्या मुंग्या दिसायच्या,
तरी कुणी पैसं परत मागितलं न्हाईत.
मुंग्यांच्या मागं काय हाय, बघू दे की एकदा लोकास्नी."

प्रमिलाताईंना हवाय तीनच दिवस चाललेला एक सिनेमा.
मध्यंतरात भाऊ न्यायला आला होता त्यांना,
घरी पाहुणे बसलेत म्हणून.
पाहुण्यांनी नकार दिला. उरलेला अर्धा सिनेमा
त्या सत्तेचाळीस वर्षं मनात लावून बघतायत.
"दर वेळी शेवट वेगळा येतो," म्हणतात,
"गणितात असं चालत नाही."

मी मात्र दर सोमवारी एकच नाव घेतो.
काळापांढरा. त्यातलं दार माझ्या बापानं केलंय.
सागवानी, पितळी कडीचं, आणि मागं घर नसलेलं.
शूटिंग संपल्यावर, बाप सांगायचा,
हिरॉइन बाईंनी जाताना त्याला कडी लावली, सवयीनं.
मी तो पाहिलेला नाही. कुणीच पाहिलेला नाही आता.

जिनगोंडा हुपरीचा. यादी तोच लिहितो, अक्षर चांगलं म्हणून.
स्वतःचं नाव असं एकही सुचवलं नव्हतं त्यानं.
परवा माझी पाळी आली तसा त्यानं पेन खाली ठेवला.
"त्याची पेटी निघायची न्हाई," म्हणाला.
"ते आमच्यात आलंतं."

आजा त्याचा रिळं किलोवर घ्यायचा.
बारा डबे, मंगळवार पेठेतल्या गोदामातनं, एस्टीच्या टपावर.
सोड्याच्या उकळत्या पाण्यात सोडली
की चित्रं सुटून यायची, दुधावरच्या सायीसारखी.
कोरी पट्टी बांगडीवाले न्यायचे.
साय वाळवायची, जाळायची, राख मुशीत,
आणि तळाला, थंड झाल्यावर, चिंचोक्याएवढी चांदी.

"मग तिचं काय केलं?" प्रमिलाताई.
"काय करणार? पैंजण. हुपरीत दुसरं काय करत्यात?"

थोड्या वेळानं म्हणाला,
"एक पट्टी उन्हात धरून बघितलीती मी.
बाई हुती एक. तिच्या मागं दार."
मी विचारलं, कडी होती?
"दार असंल, खिडकी असंल. सात वर्षाचा हुतो रं."

कुणीच काही बोलेना.
दिलावरनं उगाच मशीनचं बटण दाबलं.
उजेड इकडून तिकडं सरकला
आणि एक कोरा कागद बाहेर आला, गरम.

जिनगोंडानं पेन उचलला. नाव लिहिलं, साल लिहिलं.
'डिस्क किती' या रकान्याशी अडला.
ओठांत काहीतरी हिशेब केला, आज्याच्या वजनांचा,
आणि लिहिलं: पाच जोड, लहान मुलींचे.

प्रमिलाताईंनी चष्मा पुसला, वही जवळ ओढून घेतली,
नीट तपासली, जशा पेपर तपासायच्या.
"शेरा राहिला की," म्हणाल्या. "लिहा,
आवाज स्वच्छ."