खडक आणि डोह

तीन रात्रपाळ्यांचे जादा पैसे गेले या सुरीत.
नवरा म्हणाला, एवढ्यात मिक्सर आला असता,
वर एक कुकर.
मी काही बोलले नाही.
ॲबीडेल रोडवरच्या त्या चिंचोळ्या दुकानात
नुसती बघायला म्हणून उचलली,
तर हात आधीच ठरवून बसलेला.

पात्यावर छिन्नीनं ठोकलेली दोन अक्षरं.
दुकानातली पोरगी म्हणाली, इवाबुची,
लोहाराचं आडनाव.
पहिलं अक्षर म्हणजे खडक,
दुसरं म्हणजे डोह.
साधं पोलाद आहे, गंजतं, पुसत जा,
न्हाऊन आलेल्या पोराबद्दल सांगावं तसं तिनं सांगितलं.

पहिल्या आठवड्यात कांद्यानं तिला करडी केली,
लिंबानं काळपट,
आणि कैरीनं धारेलगत
एक निळा ढग सोडला, तो गेलाच नाही.
आईची विळी जागची हलत नसे.
पाटावर पाय दाबून आई बसे,
भोपळा आपणहून जाई तिच्याकडे.
ही मात्र स्वतः चालत जाते
आणि टोमॅटोला कळायच्या आत
पलीकडे पोचलेली असते.

शेजारी विल्फ स्टॅनिफर्थ, वय त्र्याऐंशी.
सदतीस वर्षं शेफील्डच्या चाकांवर पाती घासली.
कारखान्याच्या जागी आता फ्लॅट आहेत,
बाल्कनीत सायकली टांगलेल्या.
त्याच्या अंगठ्यात पोलादाचा एक कण अजून आहे,
भाडं न देणारा भाडेकरू म्हणतो तो त्याला.
मी इस्पितळात एक्स-रे काढते हे कळल्यापासून
दर भेटीत अंगठा पुढे करतो.

धार उतरली तशी सुरी त्याच्याकडे नेली.
हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.
आमच्यात धारेची वस्तू हातोहात देत नाहीत.
त्यानं लगबगीनं खिसे चाचपून
एक पेनी माझ्यापुढे सरकवली.
भेट दिलेली सुरी मैत्री कापते म्हणे,
म्हणून ती विकत घ्यायची.
भेट नाही हो, म्हटलं, धार लावायचीय.
पेनी तिथेच राहिली.

जपानी म्हटल्यावर आधी नाक मुरडलं.
मग चष्मा कपाळावर ढकलून
पातं खिडकीकडे धरलं,
नखानं टिचकी मारून कानाशी नेलं.
बराच वेळ नुसता किटलीचा आवाज.
पाणी नीट दिलंय, म्हणाला शेवटी.
त्याचा शब्द निराळा होता,
मी आपला मराठीत ऐकला,
लोखंडालाही तहान असते त्या भाषेत.

दुसऱ्या अक्षराची शेवटची रेघ घसरलीय, बघ.
गारठा असेल त्या दिवशी.
नाहीतर म्हातारा आहे, माझ्यासारखा.
आणि या अंगाचे घाव हलके पडलेत,
उजवा खांदा धरतोय गड्याचा.
कुणीतरी शेकायला सांगा त्याला.

समुद्रापल्याडच्या,
कधी न पाहिलेल्या माणसाचा खांदा.
मी दिवसभर माणसांच्या आत बघते,
मला ती रेघसुद्धा दिसली नव्हती.

चाक नको म्हणाला, याला चाक नको.
भांडी घासायच्या टबात माझा दगड भिजत घातला,
बुडबुडे थांबेस्तोवर थांबला,
आणि बाह्या सारून
हळूहळू, अगदी हळू,
बोटं आधी थरथरत, मग नाही.
राखाडी चिखल दगडावरून ओघळला.
अधूनमधून स्वतःशीच पुटपुटे,
इवा, इवाबू,
पुढचं काही जमेना त्याला.

मळ्यातला लीक आणून एकदाच कापला.
चकती उजेडात धरली, मला दिली.
आरपार दिसत होता त्याचा
हिरवा स्वेटर.

घरी आणून मी पुसायचीच विसरले.
सकाळी पात्यावर, त्या दोन अक्षरांच्या खाली,
अंगठ्याचा निळसर ठसा,
मधोमध एक बारीकशी कोरी जागा सोडून.
नवरा राख घेऊन घासायला निघाला होता.
हात धरला त्याचा.

आज मेथी चिरली.
पुसली, आडवी ठेवली.
पेनी त्यानं काल दाराच्या फटीतून
परत आत टाकलीय.