बुरशी येतेय

गच्चीवर जायची परवानगी नव्हती.
तरी तिसऱ्या मजल्यावरचा उलो
दोन धुरावलेले मासे आणि एका बाटलीच्या बदल्यात
आमच्या टीव्हीच्या पोटात नखाएवढी पट्टी डकवून गेला,
आणि ऐंशी किलोमीटर समुद्र ओलांडून
हेलसिंकी आमच्या तालिनच्या घरात बोलू लागलं.

शनिवारी रात्री बाबा स्टुलावर.
आलं? नाही. आता?
थोडं. डावीकडे. गेलं.
अहो, हात सोडू नका, तुम्ही धरलंत की येतं.
बाबांनी अर्धे चित्रपट असे उभ्यानं पाहिले,
पाठमोरे.

पहिली रिळं कधीच मिळाली नाहीत,
म्हणून एकाचंही नाव सांगता येत नाही.
एक यान होतं. यानात सात माणसं, मग सहा,
मग एक डॉक्टरीण आणि न उघडणारा दरवाजा.
माणसं इंग्रजी बोलत, खाली फिनिश अक्षरं पळत.
फिनिश म्हणजे आमच्या भाषेची मावसबहीण:
चेहरा ओळखीचा,
पण बोलते त्यावर विसंबू नये.

आई वाचून दाखवायची, मोजे विणता विणता,
टाके मोजावेत त्या आवाजात.
कप्तान काचेला ओठ लावून कुजबुजला
आणि आई म्हणाली,
बुरशी येतेय.

हल्लितुस.
त्यांच्याकडे ह्याचा अर्थ सरकार.
आमच्याकडे बुरशी.
हे मला कळलं ते नोकरीला लागल्यावर.
आईला ठाऊक होतं का,
हे विचारायचं राहूनच गेलं.

पण तेव्हा!
बुरशीला सगळं माहीत आहे.
बुरशीनं आपल्याला इथं पाठवलं.
बुरशीविरुद्ध बोलू नका, भिंती ऐकतात.
आणि पडद्यावर खरोखरच दाणे दाटत गेले,
कप्तानाच्या गालांवर, डोळ्यांत, करड्या लवेसारखे,
नुसता खरखराट उरला.
डॉक्टरणीचा हात दरवाजावर होता.
बाबांनी एरियल चारी दिशांना फिरवून पाहिली.
मग ते स्टुलावरून उतरले.

कारेल, माझा भाऊ, तेव्हा सात वर्षांचा.
रात्री उठून त्यानं पावाचा डबा उघडला,
काळ्या पावाच्या कडेला नखभर पांढरं दिसलं
आणि त्याची दातखीळ बसली.
महिनाभर तो डब्यावर इस्त्री ठेवून झोपायचा.

सोमवारी विर्वे बाई गोड आवाजात विचारायच्या,
मुलांनो, शनिवारी काय काय पाहिलंत?
आम्ही तीस जणं आपापले बूट बघत बसायचो.
त्या शांततेचा वास मला अजून येतो,
ओल्या लोकरीचा.

परवा तो चित्रपट सापडला. नाव सांगत नाही,
नाव समजल्यावर तो लहान झाला.
कारेल आता तांपेरेला बस चालवतो,
फिनिशमध्ये भांडतो, फिनिशमध्ये कर भरतो.
त्यानं तिथं लावला, मी इथं लावला,
फोन कानाशी.
कप्तानाचे गाल शेवटपर्यंत गुळगुळीत.
यानाची भिंत पुठ्ठ्याची, एका कोपऱ्यात पोपडा सुटलेला.
डॉक्टरणीनं दरवाजा ढकलला,
पलीकडे गणवेशातली माणसं, हातात घोंगड्या.
सरकार आलं होतं.
सरकारनं सगळ्यांना वाचवलं.
वाजंत्री.

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.
मग कारेल म्हणाला, ह्यापेक्षा बुरशी बरी होती.
मला इतकं हसू आलं की खोकला लागला,
आणि खोकता खोकता आठवलं, स्टुलावरचे बाबा,
हात वर करून उभे,
जणू कुणी बंदूक रोखलीय.

दिवे मालवले. साडेबारा वाजले असतील.
फोन पुन्हा वाजला.
डबा बघितलास?
नाही, मी म्हटलं.
हातात झाकण होतं.