तेलाची वाट

पहिला टर्बो गेला तेव्हा कोणी काही बोललं नाही.
आठ वर्षांची गाडी, चोपड्याची केळी, बिजासनचा घाट,
काहीतरी जाणारच.
मी दुसरा बसवला. हिलाल भोईनं शिट्टी ऐकली,
मान हलवली, आणि बोटाला थुंकी लावून
दोनदा पैसे मोजले.

दुसरा चारशे किलोमीटरही टिकला नाही.
चढावर मागून निळा धूर
आणि पुढून, हिलाल म्हणाला,
शिट्टी नव्हे, रडणं.
केळी सेंधव्याच्या अलीकडेच पिकली.
इंदूरच्या व्यापाऱ्यानं फोनवरच वास घेतला
आणि भाव पाडला.

मग सगळ्यांनाच कारणं सुचली.
शेठ म्हणाला, ड्रायव्हर गरम इंजिन एकदम बंद करतो.
तेलवाला म्हणाला, माल डुप्लिकेट.
मालवाला म्हणाला, तेल.
हिलालच्या बायकोनं बंपरला काळी बाहुली बांधली.
मी सगळ्यांना हो म्हणालो.
मिस्तरीला इतकी कारणं फुकटात मिळत असतील
तर त्यानं स्वतःचं कशाला शोधावं?

तिसऱ्यांदा गाडी टोचन करून आली.
रात्रीचे साडेअकरा, शिरपूर फाटा,
तापीवरून येणारा वारासुद्धा गरम.
हिलाल उतरला, म्हणाला,
"भाऊ, परत गया."
एवढंच.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

खोललं. शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला तर
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा.
बेअरिंग तहानेनं निळं पडलेलं.
मिनिटाला लाख फेरे घेणारी ही चीज,
तिला हवं काय? सुतासारखी तेलाची धार.
तेलाची नळी मी दर वेळी पुसली होती.
बाहेरून.

या वेळी तिचा पोकळ बोल्ट डोळ्याला लावला.
पलीकडे बल्ब दिसायला हवा होता.
तार घातली, फिरवली. बाहेर आला
लाल पेस्टचा तुकडा,
तांदळाच्या दाण्याएवढा, मऊ, रबरी, ओळखीचा.
फाट्यावर लाल पेस्ट मी एकटाच वापरतो.
"लाव अजून, गळणार नाही," असं कैफला शिकवलं ते मीच.
पॅकिंगच्या जागी पेस्ट, पेस्टवर पेस्ट,
आवळताना आत काय पिळलं जातं
ते दिसत नाही, म्हणजे नसतंच.

कैफ टायरवर झोपला होता.
हिलाल हापशावर तोंड धूत होता.
दाणा माझ्या अंगठ्यावर. एक टिचकी,
आणि गॅरेजच्या काळ्या मातीत
तो कुणाच्या बापाला सापडला नसता.
हापसा थांबला.

मी हात पुढे केला.
"हाऊ?" त्यानं विचारलं.
"हाऊच. मना हातना."
तो बराच वेळ बघत राहिला.
मग रिकाम्या माचिसमध्ये दाणा ठेवला,
माचिस खिशात टाकली.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.

चौथा माझ्या पैशाचा.
तांब्याचे नवे वायसर, हातानं कापलेलं पॅकिंग,
पेस्टची ट्यूब पत्र्यावर कुठेतरी भिरकावलेली.
नळी टर्बोला जोडायच्या आधी
इंजिन चालू न करता नुसतं फिरवायचं,
तेल येतं का बघायचं,
हे उस्तादांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.
पहाटे तीनला आठवलं.

"मार," मी म्हणालो. हिलालनं सेल्फ मारला.
नळीच्या तोंडाशी माझा अंगठा.
काही नाही.
पुन्हा. काही नाही.
मागे ताडपत्रीखाली हिरवे घड,
एकेक करून पिवळ्याकडे निघालेले.
पुन्हा.
आधी नुसती ओल, मग धार,
मनगटावरून कोपरापर्यंत.

"उनं का?" हिलालनं वरून विचारलं.
"थांब," मी म्हणालो,
"येऊ दे अजून थोडं."