कोरे रकाने

परळच्या कॉलेजातून तांडेल मॅडम आल्या
तक्त्यांचा गठ्ठा घेऊन.
दर दोन तासांनी कूस बदलली का, वेळ लिहा,
पाठीवरची लाली बोटाने दाबून पाहा.

मी म्हटलं, वीस वर्षं हे बोट तेच तर करतंय.
"मग आता कागदालाही कळू द्या."

अकरा नंबरचे सकपाळ, कमरेखाली लाकूड.
वळवायला गेलं की विचारायचे,
"सिस्टर, आता खिडकी की भिंत?"

शनिवारी रात्री बासष्ट खाटांना मी एकटी.
रकाने कोरे राहिले.
सकाळी बसले पेन घेऊन, अंदाजाने भरायला.
मॅडमनी मनगट धरलं.
"राहू द्या.
तुम्ही एकट्या होतात
हे दुसरीकडे कुठे लिहिलंय?"

अकरा नंबरवर सकपाळ
अजून भिंतीकडेच तोंड करून.